रोस्कोचा निळा शर्ट

शालूला मी वाघाची गोष्ट सांगितली तेव्हा ती सात वर्षांची होती. हर्णैच्या खाडीत कोळ्यांच्या जाळ्यात एकदा वाघ सापडला आणि एका कोळणीनं कोयता न उगारता, नुसत्या शिव्यांनी त्याला थेट दापोलीच्या डोंगरापर्यंत पिटाळलं, अशी ती गोष्ट. शालूनं विचारलं, "काका, शिव्या कोणत्या?" त्या मी सांगितल्या नाहीत. पुढे तीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका भर कोर्टात हीच गोष्ट मला माझ्या तोंडावर वाचून दाखवण्यात आली. इंग्रजीत. त्या इंग्रजीत वाघाचं पार मांजर झालं होतं. पण ते पुढे येईल.

शाल्मली ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय हायवेवरच्या अपघातात एकाच दिवशी गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे वाढली. मला आणि कुमुदला मूल नव्हतं, त्यामुळे आम्ही काका-काकू नावापुरतेच होतो.

आम्ही राहतो ती हार्लो काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका समजा. मक्याची शेतं, तीन चर्चं, एक तुरुंग आणि एक फिल्टरचा कारखाना. त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. इकडच्या घरांत तळघरात एक यंत्र असतं. ते साऱ्या घराची हवा ओढून घेतं, गरम किंवा गार करतं आणि खोल्याखोल्यांत परत सोडतं. वाटेत ती हवा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या एका घडीदार जाळीतून गाळली जाते. तो फिल्टर. तीन महिन्यांनी जुना काढायचा, नवा बसवायचा, चौकटीवर मार्करनं तारीख घालायची आणि जुना फेकून द्यायचा. फेकायचं काम इतरांचं. मी फेकत नाही. त्या चौकटीत मेथीचे वाफे फार छान होतात. कुमुदचा मात्र नियम होता, की जुना फिल्टर पिशवीत घालून गाठ मारल्याशिवाय घरातून हलवायचा नाही. नाहीतर त्या दिवशी जेवण नाही.

तर हा कचरा म्हणजे घराची रोजनिशी आहे, असा शोध एका विद्यापीठातल्या लोकांनी लावला.

माणूस बसल्याबसल्या मिनिटाला कातडीचे हजारो कण सांडत असतो. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात तुमचा काही भाग जमिनीवर पडलासुद्धा. ते कण हवेबरोबर जाऊन फिल्टरवर बसतात. यंत्र चालू-बंद होतं तसतसे त्या धुळीचे थर पडत जातात, झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वर्तुळं पडतात तसे. विद्यापीठवाल्यांनी काय केलं, लेझरनं एकेक थर अलगद सोलला, यंत्र कधी चालू झालं आणि कधी बंद झालं याच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि त्या थरातल्या कणांचा डीएनए काढला. झालं! कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला घरात कोण होतं, याची यादी तयार. याला आम्ही धूळवाचक म्हणायला लागलो. काउंटीच्या सरकारी वकिलांनी तो घेतला आणि चार वर्षांत त्याच्या जोरावर एकेचाळीस जणांना आत पाठवलं. साक्षीदार घाबरतो, विसरतो, विकला जातो. धूळ यातलं काही करत नाही.

त्या सरकारी वकिलांच्या कचेरीत धुळीच्या केसेस कोण चालवायचं? आमची शालू. लहानपणी माझ्याबरोबर कारखान्यात येऊन फिल्टर मोजणारी पोरगी. मला अभिमान किती होता ते सांगत नाही. तुम्ही त्यालाही थाप म्हणाल.

आता रोस्को. रोस्को टिलमन हा आमचा शेजारी. काळा माणूस, सहा फूट तीन इंच उंच, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेली. एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या तरी गाडीत बसला आणि ती गाडी चोरीची निघाली, म्हणून दोन वर्षं आत जाऊन आलेला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत त्यानं लाल सिग्नलसुद्धा ओलांडला नव्हता. मला तो 'टिम' म्हणायचा. त्र्यंबक म्हणताना त्याचे दोन दात दुखायचे, असं त्याचं म्हणणं.

कुमुदला गोधड्या शिवायचा नाद. जुनी लुगडी संपली तशी ती गल्लीत घरोघर जाऊन जुने कपडे मागू लागली. अमेरिकन माणसं घाबरली. एका घरानं तर आम्हाला डब्यातलं अन्न आणून दिलं, बिचाऱ्यांवर काय वेळ आलीय म्हणून. रोस्कोनं मात्र डेपोतले निळे जाडेभरडे शर्ट दिले, चांगले सहा. "मिसेस टिम, याच्यातलं ग्रीस निघणार नाही हं."

"असू दे. ग्रीसनं ऊब राहते," कुमुद म्हणाली.

त्या शर्टांच्या दोन गोधड्या झाल्या. एक आमच्या पलंगावर राहिली. दुसरी काउंटीच्या जत्रेत वेरा हॉलिस नावाच्या निवृत्त शाळामास्तरणीला आवडली. त्या बाईंना रजया जमवायचा शौक. कुमुदनं त्यांना ती पीचच्या मुरंब्याच्या दोन बरण्यांवर देऊन टाकली. पुढे कुमुद गेली. त्याला आता चार वर्षं झाली.

आणि फेब्रुवारीत वेराबाईंच्या घरात कुणीतरी शिरलं. त्या बैठकीच्या खोलीत एका रजईची शिवण उसवून दुरुस्त करत बसल्या होत्या. मागून डोक्यात घाव बसला. बाई वाचल्या, पण आठवण गेली. चांदीचे चमचे गेले. कुलूप मोडलेलं नव्हतं, बोटांचे ठसे नव्हते. फिल्टर तेवढा होता.

धूळवाचकानं सांगितलं: दुपारी दोन ते तीन, रोस्को टिलमन.

रोस्को म्हणाला, "मी त्या बाईच्या घराची पायरी कधी चढलेलो नाही." पोलिसांनी ते लिहून घेतलं आणि त्याला बेड्या घातल्या. जामीन इतका मोठा ठेवला की रोस्कोनं घर विकलं असतं तरी भरता आला नसता.

मला कोडं उलगडायला मेपर्यंत वेळ लागला. एके दिवशी आमच्या पलंगावरची गोधडी उन्हात टाकली, झटकली, आणि उन्हाच्या तिरिपेत निळा कोंडा तरंगताना दिसला. तशीच हातात धरून उभा राहिलो. वेराबाई कुठली रजई उसवत होत्या, ते मला त्या उन्हात कळलं. रोस्को त्या घरात गेला नव्हता. त्याचे शर्ट गेले होते.

आता अमेरिकेचा कायदा असा, की आरोपीला उपयोगी पडेल असं काहीही सरकारी वकिलाच्या हाती आलं तर ते त्यानं आपणहून आरोपीच्या वकिलाला द्यायचं. मागितलं नसलं तरी द्यायचं. फार सुंदर कायदा आहे. त्यात गोम एवढीच, की उपयोगी काय ते ठरवतो सरकारी वकीलच. हार्लोत तर फाइलमध्ये पडलेला प्रत्येक कागद कॉम्प्युटर आपोआप दुसऱ्या बाजूला पाठवायचा. म्हणून त्या कचेरीत एक पद्धत पडली होती. अडचणीचं बोलणं सगळे जण कोर्टाच्या जिन्यात उभ्याउभ्या करायचे. जिन्याला फाइल नसते. ही पद्धत मला शालूनंच एकदा हसत हसत सांगितली होती. मीही हसलो होतो.

मी काय करायला हवं होतं? रोस्कोच्या वकीलबाई होत्या पिलार ओर्टेगा. सरकारनं गरिबांसाठी नेमलेल्या. हातात दीडशे केसेस, जेवण गाडीतच. त्यांच्याकडे जाऊन दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. पण आपल्या माणसाची रीत काय? घरचं माणूस सरकारात असलं की अर्ज कशाला करायचा? कानावर घातलं की झालं. साठ-सत्तर वर्षं आपण असंच जगलो. रेशनकार्डापासून बदलीपर्यंत सगळं कुणाच्या तरी कानावर घालून झालं.

मी शालूच्या कानावर घातलं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आदल्या दिवशी मीच तळघरात नवा फिल्टर बसवला होता, तारीख घालून. भटजी दीडशे मैलांवरून आले, ते दीडशे मैलांची भूक घेऊन. होमात तूप पडलं, धूर झाला, छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी अग्निशमनवाले बंब घेऊन दारात. भटजींनी त्यांनाही प्रसाद दिला. हे खोटं वाटत असेल तर बंबाच्या वहीत नोंद आहे.

पाहुणे पांगल्यावर मी गोधडी काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली.

"काका, इथे नका झटकू, आत्ताच पुसलंय," शालू म्हणाली आणि तिला सटासट तीन शिंका आल्या.

"बघ, हाच निळा. रोस्कोचा. वेराबाईंची गोधडी याच शर्टांची. तुमच्या यंत्राला अंगावरची कातडी आणि कापडातली कातडी यात फरक कळतो का?"

निळ्या तुकड्याच्या शेजारी तिचा स्वतःचा दुसरीतला पिवळा फ्रॉक शिवलेला होता. त्यावरून तिनं बोट फिरवलं.

"ही काकूनं कधी शिवली?"

"तू कॉलेजात होतीस तेव्हा. फरक कळतो का सांग."

"नाही कळत," ती म्हणाली. मग गोधडीची घडी घालत, "काका, हे तुम्ही मला सांगितलंत, आता आणखी कुणाला सांगू नका. ओर्टेगांना तर मुळीच नाही. तुम्ही साक्षीदार झालात तर मला केस सोडावी लागेल आणि दुसरा कुणी घेईल, ज्याला रोस्कोचं नावही नीट घेता येत नाही. सोमवारी मी फाइलमध्ये घालते."

"नक्की?"

"काका!" तिनं मला श्रीखंडाची वाटी दिली. "माझ्यावर विश्वास नाही का?"

मी श्रीखंड खाल्लं. दोनदा घेतलं.

जूनमध्ये रोस्कोनं गुन्हा कबूल केला.

इकडे शंभरातल्या पंचाण्णव केसेस अशाच मिटतात, खटला उभाच राहत नाही. सरकारी वकील सांगतो: कबूल कर, आठ वर्षं. लढलास आणि हरलास तर जुना गुन्हा धरून तीस. शुक्रवारी पाचपर्यंत ठरव. सहासष्ट वर्षांच्या माणसाला आठ म्हणजे कदाचित बाहेर येणं. तीस म्हणजे आतच मरणं. रोस्को कोर्टात उभा राहून म्हणाला, "होय, मी केलं." आवाज इतका खाली होता की न्यायाधीशांनी पुन्हा म्हणायला लावलं.

मी बाहेर येऊन शालूला गाठलं. "अगं, गोधडीचं काय झालं?"

"पाहिलं आम्ही, काका. त्यात काही निघालं नाही. त्यानं कबूल केलंय ना?"

मी तिचं ऐकलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ऐकलं. माणूस स्वतः कबूल करतो म्हणजे काहीतरी असेल, असं मी घरी येताना स्वतःला सांगितलंसुद्धा.

जुलैत त्याला भेटायला गेलो. मध्ये काच, कानाला फोन. त्याचं वजन निम्मं झालं होतं, किंवा तुरुंगाचे कपडे दुप्पट असतील.

"गोधडीचं कोर्टानं मानलं नाही, वाईट वाटलं रे," मी म्हणालो.

"कसली गोधडी?"

"तुझे शर्ट. वेराबाईंकडची. ओर्टेगाबाईंना कागद आला असेल ना?"

रोस्कोनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "टिम," तो अगदी हळू म्हणाला, "कसला कागद?"

कागद कधी फाइलमध्ये पडलाच नव्हता. सोमवार जिन्यातच संपला होता. राखायला लावलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि ते कुंपण मी माझ्या हातानं लावलेलं, पाणी घालून वाढवलेलं.

ओर्टेगाबाईंनी माझं म्हणणं गाडीत बसूनच ऐकलं, हातातलं सँडविच तसंच ठेवून. त्यांनी एकच विचारलं. "मिस्टर देवस्थळी, मेमध्ये माझ्याकडे का आला नाहीत?" शिक्षा रद्द करण्याचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात लावला.

सुनावणीला शालू साक्षीला उभी राहिली. काळा कोट, कुमुदची मोत्यांची कुडी. शपथ घेऊन म्हणाली, "माझे काका त्या दिवशी घरी होते. गोधडीचं किंवा शर्टांचं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही." खोटं नाही बोलली. वकील आहे ती. आठवत नाही, याला शिक्षा नसते.

मग मी उभा राहिलो. माझी उलटतपासणी घ्यायला तिचे साहेब, मुख्य सरकारी वकील मॅकव्हे, स्वतः आले. हातात एक कागद होता.

"मिस्टर देवस्थळी, तुम्ही असं सांगितलंय का, की मासे पकडायच्या जाळ्यात वाघ सापडला होता?"

मी शालूकडे पाहिलं. ती कागदावर काहीतरी लिहीत होती.

"गोष्ट आहे ती," मी म्हणालो.

"आणि त्याला एका बाईनं शिव्या देऊन पळवलं?"

कोर्ट हसलं.

"तुमच्या गावात एका रेड्याला घड्याळ कळायचं आणि तो रविवारी कामाला यायचा नाही?"

"बाराला सुटायचाही," मी म्हणालो. आणखी हसले.

"कारखान्यात तुम्ही एका माणसाची शिंक फिल्टरमध्ये पकडून ठेवलीत आणि ती तीन वर्षांनी सुपरवायझरला आली?"

आता न्यायाधीश लोवेलबाईसुद्धा हसल्या. मी हसलो नाही. वाघ, रेडा, शिंक. या तिन्ही गोष्टी मी उभ्या आयुष्यात एकाच माणसाला सांगितल्या होत्या. तिला ताप आला की पायाशी बसून. तिला झोप यावी म्हणून. तो कागद कुणी लिहून दिला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं काहीही विसरलं नव्हतं. रेड्याचा रविवारसुद्धा.

"थोडक्यात," मॅकव्हे म्हणाले, "तुम्ही एक प्रेमळ, थापाडे गृहस्थ आहात."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अर्ज फेटाळला जाणार हे दिसत होतं. घरी येऊन गॅरेजमध्ये बसलो. समोर मेथीचे वाफे. एका कोपऱ्यात पिशव्या, गाठ मारलेल्या, कुमुदच्या नियमानं. शालूच्या घरचा फिल्टर सुनावणीच्या आदल्याच आठवड्यात मी बदलून आणला होता. भांडण भांडणाच्या जागी, तीन महिने झाले की फिल्टर बदलायचा. तिनं दार उघडलं, मी तळघरात गेलो, काम केलं, आलो.

मी ती पिशवी उचलली आणि दिव्याखाली धरली. प्लॅस्टिकमधून चौकटीवरचं माझं अक्षर दिसत होतं: वास्तुशांतीच्या आदल्या दिवसाची तारीख. जाळीच्या घड्यांच्या कडेला, राखाडी धुळीच्या तळाशी, केसाएवढी बारीक काळी रेघ होती.

होमाचा धूर. तुपाची काजळी. त्या घरात एकदाच होम झाला होता, आणि तो किती वाजता झाला हे बंबवाल्यांच्या वहीत होतं.

गाठ मी सोडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. ही पिशवी कचऱ्यात टाकली तर शालू शालूच राहणार होती. दिवाळीला येणार होती, काकूची कुडी घालून. आणि रोस्को काचेपलीकडे आठ वर्षं. माझ्या हातात दोघांचं वजन होतं आणि पिशवी मेली पावशेराचीही नव्हती.

सकाळी मी ती ओर्टेगाबाईंच्या गाडीत ठेवली.

ओर्टेगाबाई हुशार. त्यांनी न्यायाधीशांना एवढंच सांगितलं, की एक फिल्टर सरकारी प्रयोगशाळेकडून, सरकारच्याच धूळवाचकावर वाचून हवा आहे; कुठल्या घरचा ते पाकिटात बंद राहील, आणि सोबत त्या यंत्राच्या चालू-बंदची नोंद आहे, यंत्राच्या कंपनीकडून आणलेली, पत्ता खोडलेली. मॅकव्हेंनी हरकत घेतली नाही. आपल्याच यंत्राला कोण हरकत घेणार?

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा माणूस अहवाल घेऊन उभा राहिला. भाबडा माणूस, टाय वाकडा.

"तळाजवळ काजळीचा थर आहे," त्यानं वाचलं. "त्याच्या लगेच वर, दुपारी दीड ते अडीच, घरात असलेल्यांपैकी तीन माणसं आमच्या नोंदीत, म्हणजे कैदी, साक्षीदार आणि कचेरीतली माणसं यांत, सापडली. मिस्टर त्र्यंबक देवस्थळी. मिस शाल्मली देवस्थळी. आणि मिस्टर रोस्को टिलमन."

कोर्टात कुणीतरी खोकलं. ओर्टेगाबाईंनी पाकीट फोडलं आणि पत्ता वाचला. सहायक सरकारी वकील शाल्मली देवस्थळी यांचं राहतं घर.

"मिस्टर टिलमन त्या दुपारी कुठे होते, हे काउंटीच्या तुरुंगानं लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "कोठडी क्रमांक चौदा. आता सरकारनं दोनपैकी एक सांगावं. मिस देवस्थळींनी आरोपीला तुरुंगातून काढून घरी जेवायला बोलावलं होतं, की तुमचं यंत्र शर्टाला माणूस समजतं?"

मॅकव्हेंनी शालूकडे पाहिलं. शालू टेबलाकडे बघत होती.

"आणखी एक आहे," प्रयोगशाळेचा माणूस मध्येच म्हणाला. त्याला थांबायचं कळत नव्हतं. "त्याच थरात एक अनोळखी बाई आहे. तिचे कण मिस्टर टिलमन यांच्या कणांना जागोजागी चिकटलेले आहेत, लाळेसकट. ही बाई कोण ते आम्हाला कळलं नाही."

मी उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं.

"ती माझी बायको," मी म्हणालो. "सुई टोचली की बोट तोंडात घालायची आणि तेच बोट पुन्हा कापडाला. तिचा कंगवा अजून न्हाणीघरात आहे, ताडून घ्या."

"मिसेस देवस्थळी आता कुठे असतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चार वर्षांपूर्वी वारली."

या खेपेला कोर्टात कुणी हसलं नाही.

कंगवा जुळला. सरकारच्या यंत्रानं एका तुरुंगातल्या माणसाला आणि एका मेलेल्या बाईला एकाच जेवणाच्या टेबलाशी बसवलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस रोस्कोची शिक्षा रद्द झाली. निकालात लिहिलं, की गोधडीची माहिती सरकार पक्षाकडे होती आणि ती दडवली गेली. शालूला वकिलांच्या मंडळाकडून ताकीद मिळाली. एक पान. इकडे मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडतात; मॅकव्हे पुन्हा निवडून आले. वेराबाईंना कुणी मारलं, ते आजही ठाऊक नाही. माणूस सापडलाय म्हटल्यावर शोधलंच नव्हतं कुणी.

निकालानंतर कोर्टाच्या त्याच जिन्यात शालू भेटली.

"एकेचाळीस केसेस होत्या त्या यंत्रावर, काका," ती म्हणाली. "तुमची एक गोधडी फाइलमध्ये गेली असती तर सगळ्या उघडल्या असत्या. त्यातले खरे गुन्हेगार किती आहेत, माहीत आहे?"

"आणि खोटे किती आहेत?"

तिनं हातातली फाइल काखेत घेतली.

"वाघाची गोष्ट कशाला दिलीस गं त्यांना?" मला हेच विचारायचं होतं. बाकीचं कोर्टानं विचारलं होतं.

"तुम्हीच शिकवलंत ना," ती म्हणाली, "की गोष्ट चांगली असली की लोक खऱ्याकडे बघत नाहीत." आणि ती जिना उतरून गेली. कुडी कानात नव्हती.

रोस्को घरी आला त्या दिवशी मी दारात बसायला खुर्ची ठेवली, कॉफी ठेवली. तो आला, बसला नाही.

"टिम, तुला मेमध्ये कळलं होतं."

"हो."

"मी जूनमध्ये कबूल केलं. भर कोर्टात, दोनदा. माझी बहीण मागच्या बाकावर बसलेली होती." त्यानं खुर्ची बाजूला सारली. "तू मेमध्ये तिला सांगितलंस. माझ्या वकिलाला नाही."

"घरची होती रे. मला वाटलं..."

"तुला वाटलं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "माझे शर्ट मला परत दे."

"गोधडीतले?"

"माझं अंग पुन्हा कुणाच्या घरात हिंडायला नको. माझे आहेत. दे."

मी आत गेलो, गोधडी घेतली, कुमुदचीच छोटी कात्री घेतली आणि खिडकीशी बसून तिचे टाके उसवायला लागलो. तिचा टाका फार बारीक. दोन तास लागले. रोस्को दोन्ही तास अंगणात उभा होता. निळे तुकडे एकावर एक रचून मी त्याच्या हातात दिले. त्यानं ते काखेत धरले आणि रस्ता ओलांडून गेला. टिम म्हणाला नाही.

गोधडी अजून माझ्या पलंगावर आहे. मध्ये निळ्याची मोठी भोकं आहेत, तिथून थंडी येते. भोकाच्या कडेला पिवळा फ्रॉक आहे, उरलेल्या तीन बाजूंनी घट्ट शिवलेला. तो मागायला अजून कुणी आलेलं नाही.